मणी की बुडबुडा

बाहेरचा आवाज आत येऊ नये म्हणून स्टुडिओला जाड दार बसवलेलं असतं. ते दार एका दुपारी माझ्या तोंडावर आलं. मी आत शिरत होतो, ते बाहेर येत होतं, आणि आमच्यात ज्याचं वजन जास्त होतं तो जिंकला. वरचा पुढचा एक दात तिथेच गेला. त्याआधी मी रेडिओवर बातम्या वाचायचो. त्यानंतरही वाचायचो, पण बातम्या वेगळ्या व्हायला लागल्या.

झालं असं, की पडलेल्या दाताच्या जागी एका मोठ्या दवाखान्याने मला ब्रिज बसवून दिला. मोठा दवाखाना म्हणजे जिथे माशांची टाकी असते तो. मधला दात नकली, शेजारच्या दोघांना टोप्या, आणि तिघे गळ्यात गळे घालून उभे. दिसायला ब्रिज देखणा होता. फक्त 'स' म्हटला की शिट्टी वाजायची. रेडिओवर देखणेपण कोणी बघत नाही आणि शिट्टी सगळे ऐकतात. एका श्रोत्याने कळवलं, की संध्याकाळच्या बातम्या लागल्या की आमचा कुत्रा शेपूट हलवत दाराशी जाऊन बसतो. कुत्र्याचं मत अनुकूल होतं. केंद्रप्रमुख बाईंचं नव्हतं.

मग मी स टाळायला लागलो. 'सरकारने' आलं की 'मंत्रिमंडळाने' वाचायचं. 'सकाळी'चं 'पहाटे', 'संपा'चं 'काम बंद', आणि 'सोमवारी'चं 'मंगळवारच्या आदल्या दिवशी'. पाऊस येणार असला तर मी आभाळातून पाणी पडण्याची शक्यता वर्तवत होतो. एवढ्यावरही निभावलं असतं. पण एका अपघातात सात जण जखमी झाले आणि मी 'आठाला एक कमी' असं वाचलं.

बाईंनी बोलावलं. बाई कधी रागावत नाहीत. त्या चष्मा काढतात.

"हे बातमीपत्र आहे," त्या म्हणाल्या. "कोडं नाही."

मी मान हलवली. बोललो असतो तर पुरावा झाला असता.

"गुरुवारी दुपारी तीनला माझ्यासमोर चाचणी वाचन करा. मजकूर मी देईन. एक शब्द बदलायचा नाही. जमलं तर माईक तुमचा. नाही जमलं तर वरच्या मजल्यावर जुन्या ध्वनिफितींचं काम पडून आहे. त्या ऐकायच्या, चिठ्ठ्या लावायच्या, कपाटात ठेवायच्या."

जुन्या ध्वनिफिती म्हणजे बहुतेक माझ्याच. नोकरी संपेपर्यंत रोज स्वतःचा तरुण आवाज ऐकायचा, तो किती चांगला होता याची खात्री करायची आणि कपाटात ठेवून कुलूप लावायचं. शिक्षा कशी द्यावी ते बाईंकडून शिकावं.

तेव्हा कुठे मी ताईकडे गेलो.

ताई दातांची डॉक्टर आहे. सख्खी बहीण डॉक्टर असताना मी माशांच्या टाकीकडे का गेलो, याचं कारण साधं आहे. लहानपणापासून आमच्याकडे ताई बोलते आणि मी ऐकतो. रेडिओत गेलो तेव्हा वाटलं होतं, आता उलटं होईल. तर ती बातम्या लागल्या की रेडिओलाच उत्तरं देते. तिच्या खुर्चीत बसायचं म्हणजे तोंड सताड उघडं आणि बोलायची सोय नाही.

"आलास का भोंग्या?" ती म्हणाली. मी तान्हा असताना फार मोठ्याने रडायचो, तेव्हाचं हे नाव. "शेवटी घरचीच आठवण झाली. आ कर."

मी आ केला. तिने तो देखणा ब्रिज काढला, उलटा केला, आणि दिव्याखाली धरला.

"हे बघ. पुढून नवरदेव आणि मागून गोणपाट. तुझे खालचे दात वरच्यांच्या पाठीला घासतात, तिथे आधीच जागा नाही. त्यात यांनी मागे चिनीमातीची भिंत बांधलीय. जिभेने उभं कुठे राहायचं?"

"आँ?"

"चिनीमातीला जाडी लागते. वरून दाब कितीही दे, सोसते. पण जरा वाकायची वेळ आली की तडकलीच."

दवाखान्याच्या मागच्या भिंतीत एक चौकोनी खिडकी आहे. त्या खिडकीपलीकडे भाऊजींची प्रयोगशाळा. भाऊजी दात बनवतात, ताई बसवते. संसारातलं त्यांचं बरंचसं बोलणं त्या खिडकीतूनच होतं, आणि खुर्चीतल्या पेशंटला ते फुकट ऐकायला मिळतं.

"मागे धातू द्यायचा," खिडकीतून आवाज आला. "पातळ ओतायचा. धातू वेळ आली तर केसभर वाकेल, पण तुटणार नाही. दात दिसायचा तो पुढून लावू."

"ऐकलंस?" ताई म्हणाली. "चिनीमाती धातूचं कौतुक करतेय."

बुधवारी मेणाचा नमुना तोंडात बसवून पाहिला. जो ब्रिज धातूत हवा, तो आधी मेणात घडवायचा. ताईने मला एक वाक्य दिलं होतं: सासऱ्यांनी सशाला सायकलवर बसवलं. या घटनेला काही अर्थ नव्हता, पण मी रेडिओवर याहून विचित्र वाचलेलं आहे. मी वाक्य म्हणायचो, शिट्टी वाजायची. ताई मागच्या बाजूला मेणाचा एक थेंब ठेवायची, नाहीतर नखाएवढं खरवडून काढायची. पुन्हा सासरे, पुन्हा ससा. बाहेर बसलेला एक पेशंट उठून निघून गेला.

आणि मग तो आला. स. धारदार कात्रीने कोरा कागद कापावा तसा सरळ, कुठेही न फाटलेला. मी तेच वाक्य पुन्हा म्हटलं, पुन्हा म्हटलं. डोळ्यांत पाणी आलं.

"हलू नकोस," ताई म्हणाली. "मेण आहे ते." पण तिचाही आवाज जरा ओला होता.

तिने नमुना अलगद काढून खिडकीत ठेवला. त्याच्या पुढच्या अंगावर मोहरीहूनही बारीक प्लॅस्टिकचे मणी चिकटवलेले होते. ते धातूत उतरले की दाताच्या रंगाचा लेप त्यांना घट्ट धरून राहतो. तोंडात बसवून झाल्यावर मेणाला हात लावायला नको म्हणून ताईने ते आधीच पेरून ठेवले होते. हे मणी लक्षात असू द्या. मी ठेवले नव्हते.

"याचा एखादा साचा घेऊन ठेवला तर?" मी विचारलं. "काही बिघडलंच तर?"

"साच्यासाठी दाबावं लागतं," भाऊजी म्हणाले. "एवढं पातळ मेण, दाबलं की दबलं. मग तुमचा स गेला. एकच आहे हे, मेहुणे."

ते एकच मेण त्यांनी एका नळकांड्यात उभं केलं आणि भोवती पांढरा चिखल ओतला. तो दगडासारखा घट्ट होतो. मग भट्टीत मेण जळून जातं आणि मेणाच्या आकाराची पोकळी उरते. तिच्यात धातू ओततात. त्या चिखलाच्या भुकटीला या धंद्यात इन्व्हेस्टमेंट म्हणतात. भाऊजींनी जन्मात केलेली इन्व्हेस्टमेंट ती एवढीच, असं ताई म्हणते. भाऊजी म्हणतात, बाकीच्यांची बुडते, माझी निदान आधी सांगून जळते.

गुरुवारी सकाळी मी तिथे जायचं काही कारण नव्हतं. पण घरी बसवेना. माझा चांगला स एका भट्टीत होता, आणि खरं तर तिथेही नव्हता. मेण जळून गेलं होतं. माझा स म्हणजे आता एका दगडातली रिकामी जागा होती.

प्रयोगशाळा लांबट आणि अरुंद. एका टोकाला भट्टी, दुसऱ्या टोकाला पत्र्याचं गोल पिंप. पिंपात ओतकामाचं यंत्र, म्हणजे एक आडवा लोखंडी हात. त्याला घड्याळासारखी किल्ली द्यायची आणि खिळीत अडकवून ठेवायचं. हाताच्या टोकाला तापलेलं नळकांडं, त्याच्या अलीकडे धातूची मूस. धातू वितळला की खीळ काढायची. हात गरगरा फिरतो आणि बाहेर पळू बघणारा धातू त्या पोकळीत जाऊन घुसतो.

"थंड होताना धातू आकसतो," भाऊजी किल्ली देत म्हणाले. "म्हणून भोवतीचा साचा तेवढाच फुगलेला असावा लागतो. एकाने आकसायचं, दुसऱ्याने फुगायचं, तर माप जमतं."

"आमच्याकडे दोघंही फुगतात," खिडकीतून ताई म्हणाली. "म्हणून माप जमत नाही."

भाऊजींनी खीळ लावली. ओतकामाच्या वेळी ते बोलत नाहीत, आणि दुसऱ्यालाही बोलू देत नाहीत. काळा चष्मा चढवला, ज्योत पेटवली. मुशीतल्या धातूच्या गोळ्या आधी तांबूस झाल्या, मग नारिंगी, मग त्यांच्याकडे बघवेना. मला सांगितलं होतं, की हा धातू पाण्यासारखा वितळत नाही. गोळ्यांच्या कडा ढासळतात, त्या एकमेकींच्या अंगावर कलतात, पण वरची कातडी तशीच राहते. त्याच क्षणी खीळ काढायची. आधी काढली तर पातळ कडांपर्यंत धातू पोचत नाही. उशिरा काढली तर धातू जळतो आणि ठिसूळ होतो. त्या क्षणाला घंटा वगैरे काही नसते. भाऊजींचे डोळे हीच घंटा, आणि ते काळ्या काचांमागे होते.

त्यांनी चिमट्याने नळकांडं भट्टीतून काढलं. लाल. यंत्राच्या पाळण्यात ठेवलं. ज्योत पुन्हा मुशीवर. गोळ्या कलल्या. मला वाटलं, आता. ते थांबले. मी टेबलाची कड धरली. पुन्हा वाटलं, आता, आता उशीर होतोय, माणूस झोपला की काय. खिडकीत ताईचं तोंड आलं होतं, आणि ती चक्क गप्प होती. यावरून प्रसंग ओळखावा.

खीळ सुटली. पिंपात गरकन आवाज झाला, मग नुसती घरघर, मग ती मंदावत गेली. भाऊजींनी चष्मा कपाळावर ढकलला.

"गेला आत," ते म्हणाले.

"पूर्ण?"

"ते आता फोडल्यावर."

थंड होण्याची वाट बघणं हा ओतकामातला सगळ्यात कठीण भाग. घाई करून पाण्यात बुडवलं तर धातू वाकतो, असं भाऊजी म्हणाले. ताईने आत एका म्हाताऱ्या गृहस्थांची दाढ काढली. तेही माझ्याहून शांत होते.

अखेर दगड फोडला. वाळूचा फवारा मारून चिकटलेली माती उडवली. भाऊजींनी ब्रिज भिंग लावून उलटसुलट पाहिला. कडा पूर्ण भरल्या होत्या. कुठे भोक नाही, कुठे पापुद्रा नाही. पुढच्या बाजूला मणी ओळीने चमकत होते. भाऊजींचे खांदे खाली आले. मग त्यांनी मागची बाजू वर केली आणि खांदे पुन्हा जागेवर गेले.

"काय झालं?" मी म्हणालो.

त्यांनी मला वळसा घालून ताईच्या खुर्चीत जायची खूण केली. ब्रिज खिडकीत ठेवला.

ताईने भिंग लावलं. मधल्या दाताच्या पाठीवर, बरोब्बर जिथे स म्हणताना जिभेचं टोक जातं, तिथे एक गोल पुळी होती. मोहरीहून बारीक.

"बुडबुडा," ताई म्हणाली.

"मणी," भाऊजी म्हणाले.

इथे वाचकांसाठी थोडा खुलासा. चिखल ओतताना मेणाला हवेचा बुडबुडा चिकटून राहिला, तर बुडबुड्याच्या जागी धातू शिरतो आणि अशी गोल पुळी येते. तो भाऊजींचा गुन्हा. आणि पुढे पेरायचा एखादा प्लॅस्टिकचा मणी चुकून मागे चिकटला, तरी अशीच गोल पुळी येते. तो ताईचा. धातूत उतरल्यावर दोन्ही सारखेच दिसतात. मेण बघावं, तर मेण धुराड्यातून गेलेलं.

हा नवरा-बायकोचा प्रश्न असता तर मी पेपर वाचत बसलो असतो. पण मणी असेल, तर तो बुधवारीही माझ्या तोंडात होता आणि चांगला स त्याच्यासकट आला होता. मग त्याला हात लावायचा नाही. आणि बुडबुडा असेल, तर तो रात्रीचा आगंतुक. मग तो घासून टाकायचा, म्हणजे बुधवारचा आकार परत मिळेल. चुकीचा निर्णय झाला तर घासलेला धातू परत चिकटत नाही.

"मी मणी पुढच्या बाजूला पेरले," ताई म्हणाली. "पुढची बाजू कुठली ते मला कळतं. त्यासाठी मी शिकलेय."

"आणि मी मेणावर आधी ब्रशने हात फिरवला. नेहमी फिरवतो."

"नेहमी निर्वात यंत्रात कालवता. त्याचं रबर गेलंय. काल हाताने कालवलंत."

"हाताने कालवलं म्हणून तर दुप्पट ब्रश फिरवला."

"मग बुडबुडा कुठून आला?"

"म्हणून तर म्हणतोय, मणी आहे."

हे खिडकीच्या अल्याड-पल्याड चाललं होतं आणि मी खुर्चीत, मध्ये. माझी मान टेनिस बघणाऱ्यासारखी हलत होती.

"तोंडात घालून बघू," मी म्हणालो. जगात अजून थोडी अक्कल शिल्लक आहे, असं मला वाटलं.

घातला. सासऱ्यांनी सशाला सायकलवर बसवलं.

"स्वच्छ!" भाऊजी म्हणाले.

"शिट्टी!" ताई म्हणाली.

पुन्हा म्हटलं. "आता तर आणखी स्वच्छ." "आता तर बहिऱ्यालाही ऐकू येईल." मला स्वतःला काही कळेना. तोंड कोरडं पडलेलं, ब्रिज नुसता टेकवलेला, आणि जीभ पुन्हा पुन्हा त्या पुळीवर जाऊन येत होती, शेजाऱ्यांच्या भांडणाकडे जावी तशी. मोबाइलवर आवाज भरून ऐकला. मोबाइलवर भाऊजींच्याही स मध्ये शिट्टी निघाली.

"काल मेणाला असं काही लागत होतं का जिभेला?" ताईने विचारलं. "आठव ना. तुझीच जीभ आहे."

"काल मी स ऐकत होतो. जिभेकडे लक्ष नव्हतं."

"तुझं कधी कशाकडे असतं?"

वर पुढचा लेप चढवायचा होता, तो निळ्या दिव्याखाली थराथराने घट्ट करायचा, मग ब्रिज चिकटवायचा, मग मला गावाच्या दुसऱ्या टोकाला पोचायचं. भिंतीवरचं घड्याळ दाताच्या आकाराचं आहे. त्या दाताने बारा कधीच गिळले होते.

आणि ही दोघं, माणसं चांगली आहेत हो, पण दोघांचीही इभ्रत त्या पुळीवर बसली होती. त्याच पुळीवर माझा माईक होता, आणि तिघांना बसायला ती जागा फार लहान होती.

"गप्प बसा!" मी ओरडलो. शिट्टी वाजली, तोंडातला ब्रिज उडून ताईच्या अंगावर पडला. "तुम्हाला एकमेकांना हरवायचंय, हरवा. संध्याकाळी हरवा. मला तीन वाजता बाईंपुढे बसायचंय. नाही जमलं, तर मी उरलेली नोकरी माझ्याच आवाजाला चिठ्ठ्या लावत काढणार आहे. मला कोण जिंकलं ते नकोय. मला खरं सांगा."

 लाळ ओढणारी नळी तेवढी गुळगुळ करत होती. ताईने ती बंद केली. तिने ब्रिज पुसला. भाऊजी आपल्या बोटांकडे बघत होते. मग दोघं एकदमच बोलली.

"बुडबुडा असेल," भाऊजी म्हणाले. "ब्रश फिरवला, पण मागच्या बाजूला घाईत फिरवला. चिखल लवकर घट्ट होत होता."

"मणी असेल," ताई म्हणाली. "काल हातमोज्याला एक चिकटलेला पाहिला होता. नंतर तो दिसला नाही. मी शोधलाही नाही."

"अगं नाही, बुडबुडाच तो. रबर बदलायला मीच चालढकल केली."

"अहो, मणीच. माझ्याच बोटाचा."

"तू कशाला अंगावर घेतेस?"

"तुम्ही कशाला घेताय?"

दोघंही एकदम आकसली होती. माप पुन्हा चुकलं होतं. अर्ध्या तासापूर्वी एक म्हणत होता मणी आणि दुसरी म्हणत होती बुडबुडा. आता एक म्हणत होता बुडबुडा आणि दुसरी म्हणत होती मणी. नात्यात प्रगती झाली होती. माझ्या बातमीत काहीच भर पडली नव्हती.

मी आयुष्यभर वाटाघाटींच्या बातम्या वाचल्या आहेत. दोन्ही बाजू ठाम असतात, मग दोन्ही बाजू लवचीक होतात, आणि दोन्ही वेळा काही होत नाही. शेवटी कोणीतरी कंटाळलेला माणूस असा तोडगा काढतो, जो कोणालाच पटत नाही. त्याला एकमत म्हणतात.

"अर्धा घासा," मी म्हणालो.

"अर्धा?" भाऊजी म्हणाले. "याला काही शास्त्र नाही, मेहुणे. मणी असेल तर अर्धा बिघडेल. बुडबुडा असेल तर अर्धा उरेल. दोन्हीकडून चूक."

"दोन्हीकडून अर्धीच चूक. पूर्ण चूक मला परवडणार नाही."

त्यांनी ताईकडे पाहिलं. ताईने माझ्याकडे पाहिलं.

"भोंगा म्हणतोय तर घासा," ती म्हणाली. "तोंड त्याचं आहे."

पुळीखालचा धातू कागदासारखा पातळ होता. घासणारा दगड एकदा जास्त टेकला की आरपार भोक, आणि मग मणी काय नि बुडबुडा काय. भाऊजींनी ब्रिज टेबलावरच्या पकडीत बसवला. दगड टेकवला, उचलला, जाडी मोजली. टेकवला, उचलला, मोजली. प्रत्येक वेळी तो बारीक किंचाळायचा. ताई खिडकीतून हात घालून दिवा धरून उभी होती. दिवा थरथरत होता.  भाऊजींनी डाव्या हाताने तिचं मनगट धरून स्थिर केलं आणि उजव्या हाताने घासत राहिले.

"बस्स," ताई म्हणाली.

"बस्स," भाऊजी म्हणाले. त्या दिवशीचं त्यांचं पहिलं एकमत.

पुढचा लेप चढला, ब्रिज चिकटला. ताईने सासऱ्यांचं वाक्य म्हणायला लावलं नाही. "आता तिकडेच म्हण," ती म्हणाली. "इथे आम्हाला ऐकवणार नाही."

बाई काचेपलीकडे बसल्या होत्या. समोर मजकूर. दार कोणीतरी हाताने धरून ठेवलं होतं, माझ्याबद्दल आता तेवढी काळजी घेतात. पहिली ओळ: सर्वसाधारण सभेच्या सदस्यांनी सोमवारी सकाळी साडेसातच्या सुमारास. बाईंनी ती झोपेतून उठून लिहिलेली नव्हती.

लाल दिवा लागला. मी तोंड उघडलं. जीभ त्या अर्ध्या पुळीशी गेली. आणि तिथे थबकली, अनोळखी घराच्या उंबऱ्याशी थबकावं तशी, केसभर मागे सरली, मग स म्हणाली.

कागद कापला गेला. सर्वसाधारण. सभेच्या. सदस्यांनी. प्रत्येक वेळी ती थबकत होती आणि प्रत्येक वेळी पाय पुसून आत शिरत होती. मी इतक्या सावकाश आणि इतक्या सांभाळून नोकरीच्या पहिल्या आठवड्यानंतर कधी वाचलं नव्हतं. बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि डोळे मिटले. संपूर्ण पानात एकच श होता, शेवटच्या ओळीत, 'शिष्टमंडळ'. तो येताना जीभ आपली थबकली नाही, सरळ पुढे गेली, आणि कुठेतरी बारीकशी, अगदी आमच्या घरातलीच वाटावी अशी, शिट्टी वाजली. नेमका तेव्हाच बाईंचा चष्मा टेबलावरून खाली पडला.

त्यांनी चष्मा उचलला. पुसला. घातला. एवढा वेळ का लागतो चष्मा घालायला?

"स चांगला आहे," त्या म्हणाल्या. "संध्याकाळचं तुम्ही वाचा. शुभेच्छा."

मला 'शतशः आभार' म्हणायचं होतं. मी 'धन्यवाद' म्हणालो.

संध्याकाळचं बातमीपत्र हातात पडलं. पहिली बातमी: शहरातील शासकीय शाळा शनिवारी. मी ती ओळ जरा वेळ पाहत उभा राहिलो. मग खिशातला फोन वाजला. पलीकडे स्पीकरवर दोघंही होती, हे श्वासावरून कळत होतं.

"काय झालं रे?" ताई म्हणाली.

"माईक राहिला."

पलीकडे काहीतरी पडलं. बहुधा खिडकीतून.

"मग माझंच खरं," भाऊजी म्हणाले. "थोडा घासला म्हणून जमलं. बुडबुडाच होता. माझीच चूक."

"अहो, थोडा ठेवला म्हणून जमलं. मणीच होता. माझी चूक."

"अगं, मी सांगतोय ना, माझी."

"तुम्हाला एक चूकसुद्धा दुसऱ्याला द्यायला नको. मेहुण्यांनाच विचारा. भोंग्या, तू सांग."

मला 'शांत व्हा' म्हणायचं होतं. पण त्यात श होता.

"गप्प बसा," मी म्हणालो, आणि 'बसा'तला स इतका सुरेख आला, की पलीकडे दोघंही खरोखरच गप्प बसली.